चाळीस व्होट, कमाई शून्य: हाइव्ह-स्टीमिटवर लिहिताना या चुका टाळा

हाइव्ह आणि स्टीमिट म्हणजे वाचकांच्या व्होटवर लेखकाला क्रिप्टो नाण्यांत पैसे देणाऱ्या साइट. तिथल्या माझ्या पहिल्या लेखाला ४० व्होट पडले. खाली रक्कम दिसत होती ०.०१ डॉलर. आठवडा संपला आणि तीही नाहीशी झाली. चिडून मी बाकीच्यांचे लेख पाहिले, तर एकाला फक्त ३ व्होट आणि १२ डॉलर! नियम वाचायचा कंटाळा केला की असं होतं. त्यातले जे महागात पडतात तेवढेच इथे लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्टीमिट २०१६ साली नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी सुरू केलं. २०२० च्या फेब्रुवारीत ट्रॉन या क्रिप्टो प्रकल्पाच्या जस्टिन सनने ती कंपनी विकत घेतली. ते न पटलेल्या मंडळींनी २० मार्चला वेगळी चूल मांडली, तीच हाइव्ह. पुढचे आकडे हाइव्हचे आहेत.

व्होट मोजणे

सहकारी साखर कारखान्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. इथे तसं नाही. इथे कंपनीच्या सभेसारखं चालतं: ज्याच्या खात्यात हाइव्ह पॉवर (अडकवून ठेवलेली हाइव्ह नाणी) जास्त, त्याचं मत जड. रोज नव्याने तयार होणाऱ्या हाइव्ह नाण्यांपैकी मोठा वाटा लेखांसाठी बाजूला ठेवला जातो आणि तो या वजनाप्रमाणे वाटला जातो. म्हणून नव्या खात्यांचे ४० व्होट मिळून पैसाभर होतात आणि एका व्हेलच्या, म्हणजे बड्या खातेदाराच्या, व्होटने लेख तरतो. वर ०.०२ डॉलरची किमान मर्यादा आहे. त्याच्या आतलं सगळं ‘डस्ट’, म्हणजे हातात शून्य. माझा एक सेंट तिथे गेला.

मित्रांना, मावसभावाला खाती उघडायला लावून व्होट गोळा करण्यात त्यामुळे अर्थ नाही. त्यापेक्षा आपल्या विषयाची कम्युनिटी शोधा, तिथे कोण व्होट देतं ते पाहा आणि त्यांच्या लेखांखाली खरोखर वाचून प्रतिक्रिया द्या. ‘छान लेख, मलाही फॉलो करा’ ही प्रतिक्रिया नव्हे, ते दारावर टाकलेलं हँडबिल आहे. नव्या माणसाची ओळख लेखांपेक्षा प्रतिक्रियांतून जास्त होते, हे मला फार उशिरा कळलं.

दिसतो तो आकडा आपला समजणे

लेखाखाली १० डॉलर दिसले म्हणून घरी पेढे वाटू नका. त्यातले निम्मे व्होट देणाऱ्यांचे. स्टीमिटवर पूर्वी लेखकाला ७५ टक्के मिळत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५० झाले आणि हाइव्हने तेच पुढे चालवलं. उरलेल्या ५ डॉलरपैकी साधारण अडीच डॉलर एचबीडी (डॉलरच्या आसपास राहणारं हाइव्हचं नाणं) म्हणून येतात आणि अडीच डॉलरची हाइव्ह पॉवर मिळते. ही पॉवर लगेच विकता येत नाही. पॉवर डाउन (ती मोकळी करायची मागणी) लावलं की १३ आठवडे हप्त्याहप्त्याने सुटते.

यूट्यूबवर अजून जुने स्क्रीनशॉट फिरतात, ‘एका लेखाचे इतके हजार’. त्यातले बरेचसे डिसेंबर २०१७ ते जानेवारी २०१८ मधले. त्या वेळी एक डॉलरच्या आसपास राहायला हवं असलेलं एसबीडी हे स्टीमिटचं नाणं दहा डॉलरच्या वर गेलं होतं. तो बाजार लेखकांनी घडवला नव्हता, तो परत येईल या हिशोबावर नोकरी सोडू नका.

टाकलं आणि पसार

लेखाला कमाईसाठी ७ दिवस मिळतात. आठव्या दिवशी कोणी कितीही मोठा व्होट दिला तरी पैसा येत नाही. मोदकांची पाककृती पुढच्या गणपतीत गूगलवरून हजार जणांनी वाचली, तरी कमाईच्या दृष्टीने ती शिळीच. त्यामुळे ‘एकदा लिहून ठेवू, आयुष्यभर येत राहील’ हा ब्लॉगवरचा हिशोब इथे लागू नाही. सणाचं लेखन सणाच्या चार-पाच दिवस आधी टाकावं.

शिवाय व्होट देणाऱ्याला पूर्ण वाटा पहिल्या २४ तासांतल्या व्होटवरच मिळतो. नंतर तो निम्मा होतो आणि ७२ तासांनंतर आठवा हिस्सा. साहजिकच सगळ्यांची नजर ताज्या लेखांवर असते. पहिल्या दिवशी कोणी प्रश्न विचारला आणि तुम्ही गायब असाल, तर ती संधी गेली.

उचललेला मजकूर, उचललेले फोटो

इथे डाउनव्होट, म्हणजे विरोधी मत, आहे आणि तो तुमची रक्कम खरोखर खाली आणतो. गूगलवरचा फोटो, दुसऱ्याची कविता, मशीनने भाषांतर केलेला लेख हे शोधणारी मंडळी डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात. स्वतःच्या जुन्या ब्लॉगवरचा लेख टाकणाराही सापडतो. आधी त्या ब्लॉगवर हाइव्हच्या खात्याची लिंक द्या, मग आणा. कधी कधी मात्र लेख स्वच्छ असूनही ‘याला इतके पैसे जास्त आहेत’ म्हणून डाउनव्होट येतो. शांतपणे कारण विचारा. भांडणात उतरलात तर पुढच्या लेखांवरही तेच होतं.

मराठीचं काय? मराठी वाचणारे आणि वजनदार खातं असणारे एकाच वेळी सापडणं कठीण. वर मराठी आणि खाली स्वतः लिहिलेला इंग्रजी गोषवारा, हा मला जमलेला मार्ग. पूर्ण इंग्रजीत गेलो तेव्हा पैसे थोडे वाढले आणि लेखन पार बेचव झालं.

व्होट उधळणे, आणि ‘पोस्ट होत नाही’

पूर्ण ताकदीचा एक व्होट दिला की तुमची व्होटिंग शक्ती सुमारे २ टक्क्यांनी उतरते. दिवसात ती २० टक्के भरते. म्हणजे रोज दहा. उत्साहात पन्नास दिलेत तर प्रत्येक व्होट हलका होत जातो. नव्या खात्यावर पोस्ट किंवा कॉमेंट अडकत असेल तर बहुधा रिसोर्स क्रेडिट (पोस्ट-कॉमेंट करताना खर्च होणारे गुण) संपलेले असतात. ते आपोआप भरतात, रिकाम्याचे पूर्ण व्हायला ५ दिवस. घाई असेल तर कम्युनिटीत कोणाकडून तरी उसने मागता येतात, लोक देतात.

कर आणि किल्ल्या

भारतात क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, वर सेस. विक्रीवर १ टक्का टीडीएस त्याच वर्षीच्या जुलैपासून. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही. म्हणून रक्कम आली त्या दिवशीची तारीख आणि भाव वहीत लिहा. मार्चमध्ये सीएसमोर बसून आठवत बसायची वेळ येऊ नये.

पासवर्ड हरवला तर फोन करायला इथे बँकेची शाखा नाही. खात्याला कामाप्रमाणे वेगवेगळ्या की, म्हणजे पासवर्डसारख्या किल्ल्या, असतात. रोज लिहायला आणि व्होट द्यायला पोस्टिंग की पुरते. अ‍ॅक्टिव्ह की फक्त पैसे हलवताना काढायची. कॉमेंटमधल्या ‘बक्षीस लागलं, इथे लॉगिन करा’ अशा लिंकवर तर कोणतीच की टाकायची नाही. मास्टर पासवर्ड मी कागदावर दोनदा लिहिला आहे. एक प्रत लोखंडी कपाटात, रेशनकार्डाच्या पाकिटात. दुसरी बहिणीकडे, तिला ते काय आहे हे न सांगता.