ओनसेनला जाताय? या चुका टाळा

जपानच्या गरम झऱ्यांवर आपली मंडळी पुन्हा पुन्हा तेच घोळ घालतात. पहिला म्हणजे अंग न धुता कुंडात उतरणं. वज्रेश्वरी-गणेशपुरीला आपण कपड्यांनिशी कुंडात शिरतो. ओनसेनमध्ये पोहण्याचा पोशाखसुद्धा सहसा चालत नाही, आणि अंघोळ बाहेरच, बुटक्या स्टुलावर बसून, साबण लावून करायची. कुंड फक्त शेकायला. अंगावर दोन तांबे ओतून आत घुसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्याच पाण्यात बाकीचेही बसणार असतात. लांब केस वर बांधा, छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नका.

दुसरा घोळ उतावीळपणाचा, आणि तो जिवावर बेतू शकतो. कुसात्सू या गावच्या झऱ्यांचं पाणी ५० अंशांच्याही वर असतं. गार पाणी मिसळलं तर त्याचा कस जातो, म्हणून लांब लाकडी फळ्यांनी घुसळून ते निववायची तिथली जुनी पद्धत. निववलं तरी ते कढतच. आमच्याबरोबरचा एक तरुण रात्रभराच्या प्रवासानंतर उपाशीपोटी थेट गळ्यापर्यंत जाऊन बसला. "एवढे पैसे मोजलेत, वसूल करणार," म्हणत उठेचना. शेवटी उठला तो झटक्यात, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या आजोबांनी दंड धरला नसता तर दगडी काठावर कपाळमोक्ष ठरलेला. संध्याकाळी गावाच्या मध्यावरचं युबाताके, लाकडी पन्हाळ्यांतून वाहणारं ते वाफाळतं पाणी, आम्ही डोळे भरून पाहिलं. हा खोलीत आडवा.

मी आधी पायांवर, मग कमरेवर, मग खांद्यांवर पाणी घेतो. तीन-चार मिनिटं बसतो, सावकाश बाहेर येतो, पाणी पितो, वाटलं तरच पुन्हा उतरतो. दारू पिऊन तर मुळीच नाही.

चांदीचे दागिने काढून ठेवा, गंधकानं काळे पडतात. युकाताची, म्हणजे तिथं घालायच्या सुती झग्याची, डावी बाजू वर घ्या. उजवी वर घेतात ती प्रेताला. पुरुष-बायकांची कुंडं काही ठिकाणी अदलाबदल होतात, दारावरचा पडदा दर वेळी बघा. टॅटू असेल तर आधी विचारा; किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत चालतो, बऱ्याच ठिकाणी नाही. बेप्पू गावची 'जिगोकू', म्हणजे 'नरक' म्हणवणारी कढत कुंडं, फक्त बघायची.

शाकाहारी असाल तर पारंपरिक जपानी सराईला, म्हणजे र्‍योकानला बुकिंग करतानाच कळवा, आणि मासळीच्या दाशीबद्दल, म्हणजे सूपच्या मूळ रश्शाबद्दल, वेगळं विचारा. नुसतं 'मांस नको' म्हटलंत तर सूपमध्ये ती असणारच. जेवणाची वेळही ठरलेली असते, दुपारीच पोचा.