नवीन कार्ट्रिज: आधी नीट बसवा, मग रुळू द्या

दिवाळीच्या आवराआवरीत माझंच फडकं टर्नटेबलच्या पिनेला अडकलं आणि पिन जिच्या टोकाला असते ती केसाएवढी दांडी काटकोनात वाकली. त्या जुन्या मॉडेलची सुटी पिन आता मिळत नाही, म्हणून अख्खं कार्ट्रिजच, म्हणजे पिन बसवलेली ती छोटी डबीच, नवीन आणलं. बसवलं, रेकॉर्ड लावली आणि हिरमोड झाला. डग्गा पोकळ, ‘स’ आणि ‘श’ कानात टोचणारे. जाणकार मंडळी सांगतात, "पन्नास तास वाजू द्या, मोकळं होईल." होतंही थोडं. पण बहुतेक वेळा दोष बसवण्यातच असतो, आणि वाकडं बसलेलं कार्ट्रिज पन्नास तासांनीही वाकडंच वाजतं.

ज्याच्या टोनआर्मला (कार्ट्रिज धरून रेकॉर्डवर फिरणाऱ्या हाताला) मागे फिरवायचं वजन आहे, त्या टर्नटेबलसाठीच हे सगळं. सूटकेससारख्या छोट्या प्लेअरवर यातलं बरंचसं करताच येत नाही.

सामान थोडंच लागतं: बारीक पेचकस, चिमटा, छापलेला प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिज सरळ बसवण्यासाठी खुणा आखलेला कागद) आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. स्वयंपाकघरातला काटा इथे कुचकामी, कारण पिनेचा रेकॉर्डवरचा भार मोजायचा आहे, आणि तो असतो जेमतेम दोन ग्रॅम. आम्हा इंदूरकरांना त्याची चिंता नाही. संध्याकाळी ज्या सराफ्यात गराडू खायला जातो, तिथे दिवसा सोनं तोलतात. तसला खिशात मावणारा काटा चालतो. फक्त त्याची ताटली लोखंडी नाही ना, एवढं पाहा. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो, तो लोखंडाकडे ओढला गेला की आकडा खोटा येतो. आणि प्रोट्रॅक्टर झेरॉक्सच्या दुकानात छापून घेत असाल, तर कागदात बसवण्यासाठी चित्र लहान केलेलं नाही ना, हे पट्टीने मोजून घ्या.

सुरुवात पाणसळीने. रामबागेतल्या आमच्या जुन्या घराची फरशी एका बाजूला उतरती आहे, त्यामुळे टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी कायमची आहे. टर्नटेबल सपाट झालं की हेडशेल (टोनआर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसतं तो सुटा भाग) काढा, खाली पांढरा पंचा पसरा (स्क्रू पडला तर दिसतो) आणि पिनेवरची टोपी अजिबात काढू नका.

आता हेडशेलमधून कार्ट्रिजला जाणाऱ्या चार तारा. पांढरी डाव्या चॅनलची, निळी तिची अर्थिंगची. लाल उजव्याची, हिरवी तिची अर्थिंगची. बहुतेक कार्ट्रिजवर तेच रंग किंवा अक्षरं असतात. चिमट्याने तार नव्हे, तारेच्या टोकाची धातूची क्लिप धरायची. तार ओढली की सांध्यातून तुटते, आणि तुटली की पुढचा अर्धा तास तिच्यावरच जातो. क्लिप घट्ट असेल तर आधी दातकोरण्यावर सरकवून थोडी सैल करा, सैल असेल तर चिमट्याने किंचित दाबा. क्लिप ज्यांवर बसतात त्या कार्ट्रिजच्या काड्यांना डाग मात्र कधीच देऊ नका. आतली गुंडाळी फार बारीक तारेची असते, उष्णतेने ती जाते.

स्क्रू आत्ता हलकेच लावा, कार्ट्रिज बोटाने सरकायला हवं. हेडशेल परत लावा, टोपी काढा, अँटीस्केट (टोनआर्मची आत केंद्राकडे जाणारी ओढ रोखणारी कळ) शून्यावर ठेवा आणि मागचं वजन फिरवत टोनआर्म आडवा तरंगेपर्यंत आणा. या जागी आकड्यांची कडी शून्यावर आणायची, मग वजन आणि कडी एकत्र फिरवून कंपनीने सांगितलेला भार द्यायचा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या लोकप्रिय मॉडेलला तो १.८ ते २.२ ग्रॅम आहे, म्हणजे दोनवर ठेवा. ‘हलकं ठेवलं की रेकॉर्ड कमी झिजते’ हा समज काही केल्या जात नाही. उलट आहे. भार कमी पडला की पिन खाचेत टिकत नाही, भिंतींवर आपटते आणि रेकॉर्ड खराब करते.

मग प्रोट्रॅक्टर. त्यावर दोन खुणा असतात, नेहमीच्या मांडणीत केंद्रापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. पिन दोन्ही खुणांवर टेकवून पाहा. पिनेची दांडी रेघांना समांतर दिसेपर्यंत कार्ट्रिज पुढे-मागे सरकवा, जरासं वळवा. एक खूण जमली की दुसरी बिघडते. चार-पाच फेऱ्या होतात, वैतागू नका. जमलं की स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा आणि पुन्हा तपासा, कारण आवळतानाच ते फिरतं. समोरून पाहताना कार्ट्रिज सरळ उभं असावं, बाजूने पाहताना टोनआर्म रेकॉर्डला समांतर. शेवटी काट्यावर भार मोजा (पिन शक्यतो रेकॉर्डच्याच उंचीवर टेकवून) आणि अँटीस्केट तेवढ्याच आकड्यावर ठेवा.

परीक्षेला पाठ असलेली रेकॉर्ड घ्यावी. माझी ठरलेली आहे: इंदूरच्याच उस्ताद अमीर खाँसाहेबांची १९६० सालची एलपी, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. ख्यालाची रेकॉर्ड या कामाला फार सोयीची. द्रुत आणि ताना बाजूच्या शेवटी येतात, म्हणजे नेमक्या आतल्या खाचांत, जिथे पिनेला वाट काढणं सर्वांत अवघड असतं. विलंबित स्वच्छ आणि द्रुत फाटका ऐकू आला, तर पुन्हा प्रोट्रॅक्टर काढा.

हे सगळं जमल्यावर उरतं ते खरं रुळणं. पिनेची दांडी एका इवल्याशा रबरी चकतीत अडकवलेली असते. नवं रबर ताठ असतं, वीस ते पन्नास तासांत ते सैलावतं आणि खर्ज भरतो. एलपीची एक बाजू वीस मिनिटांची धरली तर तीस तास म्हणजे नव्वद बाजू. त्यासाठी वेगळं काही करायचं नाही, रोज ऐका. दहा-बारा तासांनी भार पुन्हा मोजा. थंडीतही रबर ताठरतं. जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा खोली जरा उबदार झाल्याशिवाय नव्या कार्ट्रिजबद्दल मत बनवू नका. प्रत्येक बाजूनंतर मऊ ब्रशने पिन मागून पुढे झाडा. स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर २०१७ पासून गाजतोय, पण रेकॉर्डवरच्या धुळीला त्याची खबर नाही भिया.

आणि आजोबांच्या नाट्यपदांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या बाहेर काढायचा मोह आवरा. त्यांची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनची पिन आणि जास्त भार लागतो. एलपीची पिन १८ मायक्रॉनच्या आसपास असते. ती त्या खाचेच्या तळाशी खरडत जाते. व्हीएम९५ मालिकेत ७८ साठी वेगळी पिन मिळते, मूळ कार्ट्रिज तेच ठेवून ती लावता येते. आमच्या तबकड्या ती येईपर्यंत ट्रंकेतच आहेत.