ऊसतोडीच्या दिवसांत गाडीचा रंग आणि इंजिन कसे जपावे

सातारा-सांगलीकडचा हिवाळा बर्फाचा नव्हे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे गाड्यांच्या टपावर दव गोठते, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, आणि आपल्याकडची थंडी तेवढ्यावरच संपते असा समज होतो. गाडीच्या दृष्टीने मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस कसोटीचे आहेत, कारण रात्री पडणारे दव, दिवसभर उडणारी कोरडी धूळ आणि गळीत हंगामातली राख या तिन्ही गोष्टी या काळात एकाच पत्र्यावर येऊन बसतात. त्यामुळे काळजीची सुरुवात रंगापासूनच करावी.

सकाळचे फडके थांबवावे

दवाने ओली झालेली गाडी दिसली की आयतेच पाणी मिळाले म्हणून तिच्यावर फडके फिरवण्याची सवय घरोघरी आहे. मी स्वतः पहिल्या गाडीवर दोन हिवाळे हेच केले आणि तिसऱ्या वर्षी उन्हात उभ्या केलेल्या त्या गाडीच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसू लागले. आजच्या गाड्यांना रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो आणि त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कमी असते. दवाचे पाणी धूळ वाहून नेण्याइतके नसते. ते धुळीचा चिखल करते आणि फडके तो चिखल पत्र्यावर घासते.

त्यात आपल्याकडची राख अधिक वाईट. उसाच्या फडातून चाललेल्या माणसाला पाते अंगाला कसे कापते हे वेगळे सांगावे लागत नाही. उसात असलेली सिलिका, म्हणजे वाळूतलाच कठीण घटक, पाचट जाळल्यावर राखेत उरते, आणि साखर कारखान्यांच्या बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणाऱ्या बॉयलरच्या राखेतही तिचे प्रमाण मोठे असते. कराड-पलूसच्या पट्ट्यात सकाळी गाडीवर दिसणारे काळे कण नुसती काजळी नसतात, तर ओरखडे पाडणारी पूड असते. शिवाय ओली राख क्षारधर्मी असल्याने ती दिवसेंदिवस तशीच राहिली तर डाग सोडते. म्हणून रोज सकाळी केवळ काचा आणि आरसे भरपूर पाण्याने धुऊन पुसावेत व पत्र्याला हात लावू नये. गाडी धुळकट दिसली तरी चालते.

आठवड्यातून एकदा नीट धुवावे

सकाळी नऊच्या सुमारास, दव सुकल्यावर आणि पत्रा तापण्याआधी, गाडी सावलीत घ्यावी. प्रथम नुसत्या पाण्याची धार टपापासून खालपर्यंत सोडून सुटी धूळ व राख वाहून जाऊ द्यावी. या टप्प्यावर घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. नंतर दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीसाठीचा सौम्य शाम्पू मिसळलेले पाणी आणि दुसरीत साधे पाणी असावे. मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग पुसावा, तो साध्या पाण्यात खळबळून माती सोडवावी आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावा. टप, काचा, बॉनेट, दरवाजे आणि सर्वांत शेवटी खालच्या पट्ट्या व चाके असा क्रम ठेवावा. चाकांचा कपडा मात्र वेगळा असावा. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये, कारण त्यामुळे असलेले मेणही निघून जाते.

पाण्याचा प्रश्न सांगलीच्या पूर्वेकडच्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात बऱ्याच बोअरचे पाणी जड असते आणि ते गाडीवर सुकले की क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात, जे पुढे साध्या धुण्याने जात नाहीत. शेवटची एक बादली नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची घ्यावी, आणि तेही शक्य नसेल तर धुतल्या धुतल्या गाडी मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने टिपून कोरडी करावी.

धुतलेल्या कोरड्या गाडीवर मेणाचा थर द्यावा. कार्नोबा मेण महिना-दोन महिने टिकते, कृत्रिम सीलंट त्याहून बराच अधिक काळ; ऊसतोड सुरू होण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, एकदा सीलंट लावले तर हंगामाचा मोठा भाग निभावतो. चमक यावी म्हणून रॉकेलचा किंवा डिझेलचा हात फिरवण्याची जुनी पद्धत अजून दिसते. तो तेलकट थर दुपारपर्यंत सगळी धूळ ओढून घेतो आणि दारांची रबरे फुगवतो.

गाडीचे कव्हर ही दुधारी वस्तू आहे. धुळकट गाडीवर घातलेले कव्हर वाऱ्याने हलून सँडपेपरचे काम करते, आणि प्लास्टिकच्या कव्हराखाली ओल कोंडून राहते. कव्हर घालायचेच तर हवा खेळणारे कापडी घ्यावे, ते स्वच्छ व कोरड्या गाडीवर घालावे आणि दुपारी झटकून उन्हात वाळवावे. पक्ष्यांची विष्ठा पडली असेल तर ती खरवडू नये. ओला कपडा त्यावर पाच मिनिटे ठेवून भिजवावी आणि उचलून घ्यावी.

इंजिनाची पहिली दोन मिनिटे

इंजिनाची झीज चालू होताना आणि गरम होईपर्यंत अधिक होते, कारण रात्रभरात ऑइल खाली उतरलेले असते व थंडीत ते घट्ट असते. ऑइलच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असे लिहिलेले असते, त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, आणि त्याआधीचा आकडा जितका लहान तितके ऑइल थंडीत लवकर पसरते. ५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांना आणि १५डब्ल्यूची उणे २० अंशांना होते. तेव्हा साताऱ्यातल्या १० अंशांच्या सकाळसाठी वेगळे ऑइल शोधण्याची गरज नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली प्रत वेळेवर बदलणे पुरेसे आहे.

डिझेल गाडीत चावी फिरवल्यावर वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारू नये, कारण तोवर हीटर प्लग तापत असतात. गाडी चालू झाल्यावर अर्धा ते एक मिनिट थांबावे. अंगणात दहा मिनिटे इंजिन घुरघुरत ठेवणे आणि लगेच अ‍ॅक्सिलरेटर दाबून हायवेला लागणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने, इंजिनाच्या मिनिटाला साधारण २५०० फेऱ्यांच्या आत चालवले की इंजिन आपोआप नीट तापते.

रोज केवळ बाजारापर्यंत दीड-दोन किलोमीटर जाणाऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. ज्वलनातून तयार होणारी वाफ ऑइलमध्ये उतरते आणि इंजिन पुरते न तापल्याने उडून जात नाही, त्यामुळे ऑइलच्या झाकणाच्या आतून दुधाळ साय दिसू लागते. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटरची सलग फेरी मारली की ही साय सहसा जाते. तरीही ती गेली नाही आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळीही उतरत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागांमधली सीलबंद चकती) तपासून घ्यावे.

कूलंट पाहताना इंजिन पूर्ण थंड असावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. टाकीत नुसते बोअरचे पाणी घालणे ही आपल्याकडची फार मोठी चूक आहे, कारण त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि त्याचा हिशोब मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना चुकवावा लागतो. कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे घ्यावे. असे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही आणि गंजही रोखते. कूलंट गोडसर असले तरी विषारी असते, म्हणून सांडलेले लगेच धुऊन टाकावे.

सेल्फ जड फिरू लागला तर बॅटरी पाहावी. तिचे खरे नुकसान बहुधा एप्रिल-मेच्या उन्हातच झालेले असते; थंडी ते केवळ उघड करते. रात्रभर उभ्या गाडीत मीटर १२.६ व्होल्टच्या जवळ असावा, १२.२ म्हणजे बॅटरी जवळपास निम्मी उतरलेली असते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर आधी ऋण टोक सोडवावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पूड धुऊन कोरडी करावी, व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा आणि ऋण टोक शेवटी जोडावे. मातीच्या रस्त्यांवर किंवा महामार्गाच्या रुंदीकरणाच्या धुळीतून रोज ये-जा असेल तर एअर फिल्टर नेहमीपेक्षा निम्म्या अंतरावर तपासावा.

खऱ्या गोठणाऱ्या थंडीत जाताना

महाबळेश्वरला मुक्कामी असताना किंवा मनालीकडे जाताना काचेवर हिमकण साचले, तर गरम पाणी ओतू नये, काच तडकते. आतून हीटरची हवा सोडून प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने हिमकण खरवडावेत. उणे तापमानात साध्या डिझेलमधले मेण गोठून फिल्टर बंद होतो. याच कारणाने इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले. इकडून भरून नेलेली टाकी म्हणून वाटेतच संपू द्यावी आणि वर पोहोचण्यापूर्वी तिथल्या पंपावर डिझेल भरावे.

बॉनेटखालचे पाहुणे

फड तुटला की त्यातले उंदीर वस्तीकडे येतात आणि थंडीत त्यांना गरम इंजिनासारखी जागा दुसरी नाही. एका रात्रीत वायरिंग कुरतडले गेले तर खर्च हजारोंत जातो. तंबाखूची पाने फडक्यात बांधून बॅटरीजवळ टांगण्याचा उपाय वास टिकेपर्यंतच काम करतो, म्हणून पुडी आठवड्याला बदलावी आणि ती पट्टा व पंख्यापासून दूर घट्ट बांधावी. गाडीत खाण्याचे सांडलेले काही ठेवू नये, गाडी शेंगांच्या पोत्यांजवळ किंवा वैरणीच्या गंजीजवळ उभी करू नये आणि खालून शिरण्याच्या मोठ्या फटींना गॅरेजमध्ये लोखंडी जाळी बसवून घ्यावी. सकाळी इंजिन चालू करण्याआधी बॉनेटवर दोन जोरदार थापा माराव्यात आणि क्षणभर थांबावे; उंदरामागे आलेले मांजर पुष्कळदा त्याच उबेला झोपलेले असते.