माळशेजला गाडी बंद पडली तेव्हा

मागच्या रविवारी ठाण्याहून एकटाच माळशेजला निघालो, मुरबाडपर्यंत चक्क ऊन आणि टोकावडे मागे पडल्यावर धुकं काय पाऊस काय, सगळं एकदमच. घाटात धबधबा थेट रस्त्यावर पडतो त्याखालून गाडी काढली (हौस, दुसरं काय) आणि पुढच्याच वळणावर इंजिन फटफट करत बंद. किक मारून पाय दुखला. पेट्रोल होतं, मग स्पार्क प्लगची (इंजिनात ठिणगी पाडतो तो) कॅप ओढून बघितली तर आत पाण्याचे थेंब. बनियनच्या कोरड्या टोकाने कॅप आणि प्लगचा पांढरा भाग पुसला, फुंकत बसलो, घट्ट दाबून बसवली, तिसऱ्या किकला चालू. घरी येऊन कॅपच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवलाय. परवा येऊरला भर पावसात फिरलो, एकदाही अडली नाही.