जीआरईच्या रिकाम्या जागा भरताना या चुका टाळा

परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी द्यायची जीआरई परीक्षा, तिच्या व्हर्बलच्या (इंग्रजी भाषेच्या भागाच्या) क्लासला आलेलं जवळपास प्रत्येक पोर पहिल्याच दिवशी विचारतं, "सर, शब्द किती पाठ करायचे?" इंजिनिअरिंगची मुलं, गणितात बिनधास्त, व्हर्बल म्हणजे फ्लॅशकार्डचं अ‍ॅप, एवढीच समजूत. शब्द लागतातच, त्यात वाद नाही. पण याद्या तोंडपाठ असलेली मुलं धडाधड चुकतात, कारण वाक्य वाचायचा धीर नसतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे आधी पर्याय बघणं. एकदा पर्याय बघितले की त्यातला ओळखीचा शब्द वाक्यात कोंबायचा मोह आवरत नाही. वर्गात एकदा हे वाक्य दिलं होतं: 'फार फ्रॉम बीइंग एनर्व्हेटेड बाय द लाँग कॅम्पेन, द सिनेटर सीम्ड' आणि पुढे रिकामी जागा. एका हुशार मुलाने दहा सेकंदांत 'रीइनव्हिगरेटेड' सांगितलं. उत्तर बरोबर! कसं काढलंस विचारलं, तर म्हणाला, "एनर्व्हेटेड म्हणजे एनर्जी आलेला, म्हणून तसाच शब्द शोधला." एनर्व्हेटेड म्हणजे गळून गेलेला, नेमकं उलट. आणि अर्थ उलटवणाऱ्या 'फार फ्रॉम'कडे त्याने बघितलंच नव्हतं. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि साहेबांना मार्क मिळाला. आठवड्याभराने तसंच वाक्य आलं, या वेळी 'फार फ्रॉम' दिसलं, अर्थ मात्र तोच डोक्यात. बसला 'एक्झॉस्टेड' (दमलेला) निवडून. म्हणून सरावात बरोबर आलेली उत्तरंही मी मुलांना तोंडी समजावून सांगायला लावतो. त्यांना ते आवडत नाही, वेळ जातो म्हणतात. जाऊ दे.

यावर माझी सवय साधी आहे. सराव करताना पर्यायांवर हात ठेवायचा, वाक्य पूर्ण वाचायचं आणि जागेत आपल्या मनातला शब्द लिहायचा. मराठीत सुचला तर मराठीत. 'ताजातवाना' लिहिलंत तरी काम झालं. तेही सुचत नसेल तर शब्द चांगल्या अर्थाचा हवा की वाईट, एवढी तरी अधिक-उणेची खूण करा. ऑल्दो, डिस्पाइट, हार्डली, अर्धविराम, अपूर्णविराम यांच्यावर वाक्य वळतं, तिथे थांबा.

दुसरी लाडकी चूक सेंटेन्स इक्विव्हॅलन्समधली. सहा पर्यायांतून दोन निवडायचे आणि दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच राहिला पाहिजे. पोरं वाक्य सोडून समानार्थी जोडी हुडकतात. हे बघा: 'ऑल्दो द मिनिस्टर्स रिप्लाय वॉज ब्रीफ, इट वॉज हार्डली (रिकामी जागा), ही आन्सर्ड एव्हरी ऑब्जेक्शन.' पर्याय: कर्ट, टर्स, पर्फंक्टरी, कर्सरी, एक्झॉस्टिव्ह, लॉडेटरी. कर्ट-टर्स ही जोडी लगेच दिसते आणि निम्मा वर्ग तिथेच अडकतो. पण उत्तर छोटं होतं हे वाक्यातच सांगितलंय, मग ते 'त्रोटक नव्हतं' कसं? छोटं असलं तरी वरवरचं नव्हतं, म्हणून पर्फंक्टरी आणि कर्सरी. 'हार्डली' न वाचणारे एक्झॉस्टिव्हवर (सगळं काही सांगणारं) जातात. दोनांपैकी एकच बरोबर आला तर मार्क शून्य, अर्धा मार्क मिळत नाही.

तीन जागांच्या प्रश्नातही तेच, तिन्ही बरोबर हव्यात. म्हणून पहिल्या जागेपासूनच सुरुवात करायचा हट्ट सोडा. जी सोपी ती आधी.

सोप्या शब्दांना गृहीत धरू नका. 'क्वालिफाइड प्रेझ' म्हणजे हातचं राखून केलेलं कौतुक, 'वाँटिंग' म्हणजे कमी पडणारं. कठीण शब्दांच्या यादीत हे सापडत नाहीत, चांगले लेख वाचूनच भेटतात. महिन्याभरात व्हर्बल 'क्रॅक' करायला निघालेल्यांना हे सांगितलं की चेहरे पडतात.

वेळेचं म्हणाल तर सप्टेंबर 2023 पासून परीक्षा लहान झाली आहे. व्हर्बलच्या पहिल्या भागात 18 मिनिटांत 12 प्रश्न, दुसऱ्यात 23 मिनिटांत 15, आणि उतारेही त्यातच. एका शब्दावर तीन मिनिटं घालवू नका. खूण करून पुढे जा, त्याच भागात परत येता येतं. आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा वेळ संपायच्या आत उरलेल्या जागांत काहीतरी भरून टाका.