मुलांच्या खाण्यात या चुका टाळा (निम्म्या तर दुधाच्याच आहेत)

मूल खात नाही ही तक्रार घरोघरी असते, पण नीट बघितलं तर बऱ्याचदा दुधाचंच गणित चुकलेलं असतं असं माझं मत आहे. फक्त दूध द्यायच्या वयात आपण बाकीचं चाटवतो, दूध आवरायच्या वयात ग्लासावर ग्लास देतो, आणि हाडं भराभर वाढतात त्या वयात दूध सुटलेलं असतं.

पहिले ६ महिने आईचं दूध पुरतं, उन्हाळा असला तरी वरचं पाणी नको, कारण त्या दुधात बहुतेक पाणीच असतं आणि इवलंसं पोट पाण्याने भरलं की तेवढं दूध कमी जातं. पावडरचं दूध देत असाल तर डब्यावरचं माप म्हणजे माप, डबा पुरवायचा म्हणून पातळ केलं तर पोषण तर मिळत नाहीच, वर रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात.

६ महिन्यांनंतर मात्र उशीर नको. बाळाने जन्मताना आणलेला लोहाचा साठा साधारण तेव्हाच संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडं. अमेरिकेतल्या शिफारशींप्रमाणे ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह लागतं, मोठ्या पुरुषाला ८! आता एवढ्या बाळाला नुसतं पातळ पाणीदार सूप पाजून काय होणार? चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट हवं, आणि त्यात डाळ, अंडं, मांस, जे घरात चालतं ते नीट शिजवून कुस्करलेलं. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, बोटाने चाटवणं पण नाही, त्यातून बॉट्युलिझम (जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार) होऊ शकतो. मीठ-साखरही वर्षभर वेगळी घालू नका, फिकं आपल्याला लागतं, त्याला नाही.

सगळ्यात जास्त घाबरगुंडी उडते ती दुसऱ्या वर्षात. पहिल्या वर्षात वजन जवळपास तिप्पट होतं आणि दुसऱ्यात साधारण दोन-अडीच किलोच वाढतं, म्हणजे भूक कमी होणारच ना? पण आपण घाबरतो आणि जेवला नाही तर निदान दूध तरी पिऊ दे म्हणून बाटली देतो, मग दुधाने पोट भरतं, पुढचं जेवण परत नाही, परत दूध... आणि दुधात लोह जवळजवळ नाहीच, शेवटी मूल गुबगुबीत पण रक्त कमी. असं चाललं असेल तर आधी दिवसाचं दूध मोजा, अर्ध्या लिटरच्या वर असेल तर तिथूनच कमी करा, मग ज्यूस, मग मधलं अरबटचरबट, मग जेवताना चालणारा मोबाईल, याच क्रमाने. नवीन पदार्थ एकदा थुंकला म्हणजे आवडत नाही असं नसतं, आठ-दहा वेळा थोडा थोडा समोर ठेवावा लागतो, जबरदस्ती न करता. ग्रोथ चार्टवर रेघ नीट वर जात असेल तर उरलेले चार घास सोडून द्या. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली तर मात्र डॉक्टरकडे जा, टॉनिकच्या दुकानात नको.

अख्खे दाणे आणि अख्खी द्राक्षं चार वर्षांपर्यंत नको, घशात अडकतात. द्राक्ष द्यायचं तर उभं चिरून.

शाळेच्या वयात तसं बरं चालतं, फक्त खाणं बक्षीस म्हणून वापरू नका.

मग येतं टीनएज. ९ ते १८ वर्षांत कॅल्शियमची गरज दिवसाला १३०० मिलिग्रॅमपर्यंत जाते आणि नेमकं तेव्हाच दुधाच्या जागी कोल्ड्रिंक येतं, सकाळचा नाश्ता सुटतो. दूध आवडत नसेल तर दही, चीज चालेल, मागे लागायचंच तर या वयात लागा. मुलींचं लोह पाळी सुरू झाल्यावर वाढवावं लागतं, १४ नंतर दिवसाला १५ मिलिग्रॅम, त्यात डाएटचं खूळ शिरलं तर बघायलाच नको. मुलगी सारखी दमते, जिना चढून धापा टाकते तर आळशी म्हणायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि जेवणासोबतचा चहा तासभर पुढे ढकला, चहा लोह शोषू देत नाही, त्याऐवजी जेवताना लिंबू पिळा.