जुन्या घराचं ‘प्रभावी वय’ कसं ठरवावं

नव्या टाइल्स, चकचकीत नळ, भिंतींना ताजा रंग. सत्तरीकडे झुकलेल्या त्या घरात शिरलो आणि मनात लगेच आकडा आला: वीस वर्षं. मग वरच्या बाथरूमचा नळ चालू ठेवून खालच्या मजल्यावरचा नळ सोडला. वरची धार दोऱ्याएवढी झाली. टाइल्सच्या मागे मूळचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप तसेच होते, आतून गंज चढून चिंचोळे झालेले. त्या दिवसापासून उंबरठ्यावर सुचलेला आकडा मी घराच्या मूल्यांकनाच्या अहवालात लिहीत नाही.

प्रभावी वय म्हणजे घराची आजची अवस्था आणि सोय बघून बाजार त्याला किती वर्षांचं धरेल, ते वय. नीट राखलेलं ६४ वर्षांचं घर ३० वर्षांच्या घरांच्या पंगतीत बसू शकतं, तर १५ वर्षांचं पण हेळसांड झालेलं घर २५ वर्षांचं ठरू शकतं. बांधकामावरचा घसारा, म्हणजे झिजेमुळे आणि जुनेपणामुळे घटलेली किंमत, याच वयावरून निघतो, म्हणून इथली चूक थेट मूल्यात उतरते.

आधी कागद बघा. बांधकामाचं वर्ष, नंतरच्या वाढीव खोल्या, परवानग्या, दुरुस्तीची बिलं. मालक ‘सगळं नवीन केलंय’ असं म्हणतात आणि मनापासून म्हणतात. पण त्या ‘सगळं’मध्ये काय काय आलं, ते एकेक करून विचारा. छप्पर कधी केलं? वायरिंग बदललं की फक्त बटणं? पाईप भिंतीतले बदलले की दिसणारे तेवढेच? प्रत्येक उत्तरापुढे वर्ष लिहा.

मग घर फिरा, पण दोन याद्या करत. पहिल्या यादीत लवकर झिजणाऱ्या गोष्टी: रंग, नळ, फरशी, स्वयंपाकघरातला ओटा आणि कपाटं, छपराचं आच्छादन. दुसऱ्या यादीत इमारतीच्या आयुष्याला बांधलेल्या गोष्टी: पाया, भिंती, कॉलम, बीम, स्लॅब, छपराचे वासे. पहिल्या यादीतलं काहीही बदलता येतं आणि खरेदीदाराचं मन त्यावरच बसतं, त्यामुळे नवं स्वयंपाकघर आणि नवी बाथरूम प्रभावी वय खाली आणतात यात शंका नाही. पण किती खाली आणायचं, याची मर्यादा दुसरी यादी ठरवते.

त्या दुसऱ्या यादीला वेळ द्या, घाई करू नका. स्लॅबवर खालून हातोडीने हलकेच ठोका. भरीव आवाजाच्या मध्येच ‘ठप्प’ असा पोकळ आवाज आला, तर तिथे काँक्रीट सळईपासून सुटलेलं असू शकतं. गंजलेली सळई फुगते आणि आतूनच काँक्रीट फोडते. वर दिसणारा पोपडा हा त्या गंजाचा शेवटचा टप्पा. प्लास्टरवरच्या केसाएवढ्या भेगांनी सहसा घाबरायचं कारण नसतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली किंवा विटांच्या सांध्यांमधून जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत गेलेली भेग मात्र पाया खचल्याची शंका घ्यायला लावते. अशी भेग बुजवून पुन्हा उघडली असेल, तर हालचाल अजून चालू असण्याची शक्यता धरा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत घ्या. लाकडी चौकटीत जमिनीलगत स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं, तर वाळवी किंवा कुज आहे. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर पलीकडच्या बाजूला जाऊन ओल आणि पांढरा खार शोधा.

खोल्यांची मांडणीही नोंदवा. एका शयनगृहातून दुसऱ्यात जावं लागत असेल, तर घर कितीही ठणठणीत असलं तरी बाजार ते जुनंच मानतो.

आता हिशेब. आधी त्या परिसरात अशा घरांचं एकूण आर्थिक आयुष्य, म्हणजे बांधकामाला बाजारात किंमत मिळते तेवढी वर्षं, किती, ते विक्रीतून काढा. त्यासाठी साधारण देखभाल झालेलं, मोठं नूतनीकरण न झालेलं घर निवडा, कारण त्याचं खरं वय आणि प्रभावी वय जवळपास एकच असतं. समजा, असं २५ वर्षांचं घर १०० एककांना विकलं गेलं. जमिनीचे ४० वजा केले की बांधकामाचे ६० उरतात. तेच बांधकाम आज नव्याने करायला ९० लागतात. म्हणजे घसारा ३० एकक, ९०च्या ३३.३ टक्के. २५ वर्षांत ३३.३, म्हणजे वर्षाला सुमारे १.३३ टक्के, आणि १०० टक्के संपायला ७५ वर्षं. एका विक्रीवर थांबू नका. चार-पाच विक्रींचे आकडे एकमेकांशी जुळतात का, ते बघा.

आता आपलं ६४ वर्षांचं घर. पाहणीवरून आणि तशाच घरांना मिळणाऱ्या किमतींवरून ते अजून ४५ वर्षं बाजारात टिकेल असं दिसलं, तर प्रभावी वय ७५ उणे ४५, म्हणजे ३०. घसारा ३० भागिले ७५, म्हणजे ४० टक्के. खरं वय धरलं असतं, तर हाच घसारा ८५ टक्क्यांवर गेला असता.

सगळ्यात जास्त चुका मी दुहेरी मोजणीत पाहिल्या आहेत. छप्पर गळतंय म्हणून दुरुस्तीचा खर्च वजा केला असेल, तर प्रभावी वय ठरवताना छप्पर दुरुस्त झालंय असंच धरायचं. त्याच गळतीसाठी वयही वाढवलं, तर मालकाला एका दोषाची शिक्षा दोनदा होते. मांडणीतल्या दोषाचंही तेच: एक तर वयात घ्या, नाही तर वेगळी वजावट दाखवा. शेजारच्या रस्त्याचा गोंगाट मी नेहमी वेगळा दाखवतो, म्हणजे वाचणाऱ्याला इमारतीची झीज आणि जागेचा तोटा निरनिराळे दिसतात.

अहवालात नुसतं ‘प्रभावी वय ३० वर्षं’ लिहून सोडू नका. त्याखाली कारणं लिहा: छप्पर अमुक वर्षी बदललं, वायरिंग नवं, स्लॅबमध्ये पोकळ आवाज नाही, भिंतीतले पाईप मूळचे असल्याने वय २५ऐवजी ३० धरलं. उद्या दुसरा मूल्यांकक त्याच घरात गेला, तर कुठला नळ उघडून बघायचा, हे त्याला तुमच्या कागदावरून कळायला हवं.